प्लेबुक घेऊन ये

ॲक्रन, २ मे १९७८
नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान आमचा. मी टॉलिव्हरला उचललं. हाताने फुटबॉल फेकावा तर यानेच! खेळाडू हेरणारे आमचे स्काउट कुरकुरले, म्हणे दडपण आलं की हा गांगरतो. जनरल मॅनेजर मी आहे, ते नाहीत. यंदा अजिंक्यपद नक्की. आणि ॲसिडिटीच्या गोळ्या बंद.

२१ ऑगस्ट
खेळाडू कमी करायचा दिवस. संघाचा म्हातारा मदतनीस लिंडक्विस्ट सकाळी खेळाडूच्या खोलीचं दार वाजवून एवढंच म्हणतो, साहेबांनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. डावपेचांची वही परत मागितली की पोरं समजतात, बॅग भरायची. आज हॅनरहन रडला. धिप्पाड गडी, बायकोचे दिवस भरत आलेले. मी म्हणालो, हा शेवट नाही, सुरुवात आहे. हे माझं वाक्य फार लागू पडतं. त्याने विचारलं, कशाची? मी घड्याळाकडे पाहिलं. मीटिंग होती.
एक गोळी घेतली. अपवाद म्हणून.

१ ऑक्टोबर
पुन्हा हरलो. टॉलिव्हर चेंडू अचूक फेकतो, फक्त समोरच्या संघाकडे. लोरेन म्हणाली, मुलगा मनाने उदार दिसतोय. बायकोला फुटबॉलमधलं कळत नाही.

९ ऑक्टोबर
कोचवर माझा पूर्ण विश्वास आहे, असं पत्रकारांना ठणकावून सांगितलं.

१६ ऑक्टोबर
कोचला काढलं.

१२ नोव्हेंबर
हॅनरहन आता दुसऱ्या संघात. आज आमच्याच मैदानावर त्याने टॉलिव्हरला आडवं केलं. गुडघा गेला. एका अर्थी हॅनरहनला मीच घडवलं, मी काढलं नसतं तर तो पेटला नसता. हे मिसेस व्हॉसना पटलं नाही. संघ त्यांचा आहे.
झोप नाही. भीती वाटते. लोरेनला सांगितलेलं नाही.

११ डिसेंबर
मिसेस व्हॉस पेपरात म्हणाल्यात, जनरल मॅनेजर वॉल्टवर माझा पूर्ण विश्वास आहे. कोचची गोष्ट वेगळी होती. लोरेनने पेपर वाचला आणि माळ्यावरून रिकामी खोकी काढली. नाताळची सजावट करायची असेल.

१८ डिसेंबर
सकाळी ऑफिसचं दार वाजलं. लिंडक्विस्ट, टोपी हातात. म्हणाला, बाईंनी बोलावलंय. मी म्हणालो, करार वाढवायचा असेल. तो बुटांकडे बघत म्हणाला, प्लेबुक घेऊन या. मी म्हणालो, अरे, माझ्याकडे कुठलं प्लेबुक? तो म्हणाला, मग संघाच्या गाडीच्या किल्ल्या आणा, वॉल्ट.
मिसेस व्हॉस प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, हा शेवट नाही, सुरुवात आहे.
मी विचारलं, कशाची?
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.