गूळ सोडलेल्या आत्तींना

प्रिय आत्ती,

सासूला 'तीर्थस्वरूप' लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. चौथीपर्यंत शिकले ती काय उगाच नाही. पण आज मला 'प्रिय'च लिहायचं आहे, आणि तुम्ही रागावून आता करणार तरी काय? वाचता तर तुम्हाला येत नव्हतंच. यांचं पलटणीतून पत्र आलं की माझ्यापुढं फतकल मारून बसायचात आणि म्हणायचात, "वाच. आन् मधलंच काय गिळू नगंस." तशाच आजही बसा. मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचते आहे. दावणीची म्हैस माझ्याकडं टकामका बघते आहे. बघू दे तिला.

लिहायला बसले त्याचं कारण माझं अंग. पुन्हा उठलंय, आत्ती! आठवा महिना लागला आणि पोटावरच्या रेघांवर तांबड्या गांधी आल्या, तिथनं मांड्यांवर गेल्या, मग दंडांवर. अगदी अंबू पोटात होती तेव्हासारख्याच. खाज तरी कशी, खराटा घेऊन अंग घासावं वाटतं. चुलीपुढं बसवत नाही, लुगड्याचा काठ सोसत नाही. हे म्हणतात, पलटणीत आम्ही असल्याला मलम लावायचो. म्हटलं, तुमच्या पलटणीत कोण गरवार होतं?

हसलात ना? तुम्ही असं तोंडावर पदर धरून हसायचात. ते हसू बघून वर्ष होत आलं.

मी तुमच्या घरी आले ती आईविना पोर. आई गेली तेव्हा मी रांगत होते, तिचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण सांगलीकडनं मला न्यायला कोण येणार? वहिनीनं निरोपसुद्धा धाडला नाही. हे लढाईवर, तिकडं ब्रह्मदेशात. आणि आपल्याकडं गुऱ्हाळ लागलेलं. तुम्ही त्या वेळी मला काय लाडात ठेवली होती असं नाही हं. "शेवंते, हात हाईत का खुंटं?" हे ऐकल्याशिवाय माझा दिवस उगवत नव्हता.

मला काम दिलं होतं चुलवणापुढं. उसाची वाळली चिपाडं उचलून आणायची आणि रस आटवायच्या काहिलीखाली जाळ घालणाऱ्याला द्यायची. तो जाळ, ती वाफ, आणि माझं हे अंग! पहिल्यांदा गांधी उठल्या तेव्हा मामंजी काय म्हणाले आठवतं? "उसाची कुसं टोचल्याती. ऊस तोडायला लागलं की समद्यांचंच अंग खाजतं. हिचंच काय नवाल?" सासऱ्यापुढं पोट कसं दाखवणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा चिपाडं. तुम्ही मात्र मला हाताला धरून आडोशाला नेलंत, पदर बाजूला केलात आणि पोटावरनं बोट फिरवलंत.

मग गुऱ्हाळावर येऊन सगळ्यांच्या देखत कमरेवर हात ठेवून तुम्ही सांगितलंत, "सुनंच्या अंगावर देवी आलीया. आजपासनं तिला कुनी हाक मारायची न्हाई."

मामंजींनी चिलीम खाली ठेवून हात जोडले. देवी म्हटल्यावर मला कामाला कोण लावणार? कोपली तर पोरगीही जायची आणि पोटातलंही. घराच्या दाराला निंबाचे डहाळे लागले. घरात फोडणी बंद, तळण बंद, वहाणा बाहेर. मला सोप्यातल्या गार जागेला निजवलंत. खाली तुमचं जुनं मऊ लुगडं, वर निंबाच्या पाण्यात भिजवलेलं धडपं. वाळलं की पुन्हा भिजवायचं. नखं तुम्हीच काढलीत, अगदी मुळापर्यंत. खाज उसळली की आमसुलाचं पाणी हलक्या हातानं लावायचात आणि फुंकर घालायचात.

आणि बोलणं! आत्ती, ते बोलणं मी मरेपर्यंत विसरायची नाही. देवी आलेल्या माणसाला एकेरी बोलायचं नसतं, अंगातल्या देवीला ते लागतं. म्हणून तुम्ही, माझ्या खाष्ट सासूबाई, रोज सकाळी माझ्यापुढं हात जोडून म्हणायचात, "आईसायेब, दहीभात आनलाय, चार घास घ्या. लेकराला संभाळा, बया." तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घालायचात, पदरानं टिपायचात. मी लाजेनं मरायची. पाय मागं घेतले की दटावायचात, "हालू नगंसा, आईसायेब."

खरं सांगू? माझे पाय त्याआधी कुणी कधी धुतलेच नव्हते. आईनं धुतले असतील, पण ते मला कसं आठवणार? मी डोळे मिटून पडायची आणि अंगातल्या देवीला म्हणायची, इतक्यात जाऊ नकोस गं. एवढी खाज, तरी म्हणायची! आहे की नाही वेडी?

अंबू झाली, धडधाकट झाली. सुईण गंगूमावशीनं नाळ कापली आणि चारसहा दिवसांत माझं अंग सुकत गेलं. दारावरचे डहाळे उतरले आणि तुम्ही पुन्हा "शेवंते!" म्हणून ओरडलात. घर जागेवर आलं. बदललं एवढंच, की तुम्ही गूळ सोडलात.

तुम्ही! पंचक्रोशीत गुळाची पारख करावी तर तुम्ही. काहिलीतला पाक बोटावर घेऊन चाखला की मामंजीसुद्धा तुमच्या तोंडाकडं बघायचे. गुळाशिवाय चहा तुमच्या घशाखाली उतरत नव्हता. त्या दिवसापासनं कोरा, अगोड चहा. मी विचारलं तर म्हणालात, "देवीला बोल्लेवते." मला वाटलं, अंबूसाठी नवस केला असेल. नवसाला गूळच का सोडावा, एखादी भाजी सोडायची होती, असं मनात आलं आणि मी विसरून गेले.

गेल्या साली थंडीतापानं तुम्ही अंथरूण धरलंत. तापावरचं कोयनेल कडू जहर. वर तोंड गोड व्हावं म्हणून मी गुळाचा खडा पुढं केला. तुम्ही मान फिरवलीत. म्हणालात, "आगं, सोडलाय न्हवं मी." दोन दिवसांनी तुम्ही गेलात. जिभेवर ते कडू तसंच घेऊन गेलात, आत्ती! एवढा खडा तुमच्या तोंडात घालता आला नाही, हे माझ्या मनातनं जातच नाही.

आता इथनं पुढं नीट ऐका. इथनं पुढं मी भांडणार आहे.

परवा हे मला गाडीनं कराडला घेऊन गेले. तिथल्या दवाखान्यातल्या बाईंनी पोट बघितलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, ताप बघितला. म्हणाल्या, "घाबरू नका. काही बायकांच्या अंगाला दिवस गेल्यावर असं उठतं, बाळंत झालं की जातं. गार पाण्याच्या घड्या ठेवा, उन्हात आणि जाळापुढं बसू नका." मी विचारलं, बाई, ही देवी नव्हे? तर हसल्या. देवीत ताप फणफणतो, फोड पाण्यानं भरतात, तोंडावर वण राहतात, म्हणाल्या.

गाडीत मी रडत आले. यांना वाटलं, भ्यायले. मी भ्यायले नव्हते. माझ्या मनात एकच, की देवी नव्हती तर आत्तींनी एवढे पाय कुणाचे धुतले? चूक होती ती सगळी? माझं म्हणून जे होतं ते चुकून मिळालेलं?

घरी येऊन गंगूमावशीपुढं मन मोकळं केलं. म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं येडे, तुझ्या सासूला देवी ठाव न्हवती व्हय? तिच्या तोंडाकडं कवा बघितलं न्हाईस?"

आत्ती, तुमच्या गालांवरचे ते वण! रोज बघत होते की मी. लहानपणी देवीतनं वाचलेलं माणूस तुम्ही. साऱ्या गावाची चूक झाली असती, तुमची कशी होईल?

मग मावशीनं बाकीचं सांगितलं. तुम्ही पहिलटकरीण होतात तेव्हा तुमच्याही अंगाला असंच उठलं होतं. तेव्हाही गुऱ्हाळ होतं. तेव्हाही 'कुसं टोचली' म्हणाले आणि तुम्हाला जाळापुढनं कुणी उठवलं नाही. ना झोप, ना गार पाणी, आणि रोज चिपाडांचे भारे. आठव्यातच मोकळ्या झालात, आणि ते लेकरू रडलंसुद्धा नाही. मावशी म्हणाली, "मला म्हनली, गंगे, सून दमलीया म्हनलं तर कोन ऐकंल? देवी म्हनलं की समदी ऐकत्याती. पन देवीच्या नावानं खोटं बोल्ले, आता ती मला सोडायची न्हाई. लय भ्याली हुती तुझी सासू. म्हनून गूळ सोडला. म्हनायची, जे लय आवडतं त्येच दिलं, आता तरी गप ऱ्हाईल."

आवं आत्ती, एवढं केलंत आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? माझ्यासमोर अगोड चहा प्यायलात, आणि मी वेडी तुम्हाला म्हणत होते, "आत्ती, तुमचं तोंड बाई कायमचंच कडू!" का नाही सांगितलंत? मी मामंजींना सांगेन अशी भीती होती? की सांगितलं तर मला हाक मारताना तुमच्या तोंडात पुन्हा 'आईसायेब' येईल म्हणून?

आज तुमचं तेच जुनं लुगडं पेटीतनं काढलं. निंबाच्या पाण्यात भिजवून पोटावर ठेवलंय. गार वाटतं. पण फुंकर कुठनं आणू? अंबू येऊन घालते, निम्मी थुंकीच उडते. तुम्ही एकदा या ना. 'हात हाईत का खुंटं' म्हणायला का होईना, या.

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षसराद. मामंजी म्हणाले, "तिनं गूळ सोडलावता. निवदाला साखरंचं करा." मी मान डोलावली, पण मनात ठरवलंय. आदल्या दिवशी आपल्या काहिलीतला ताजा गूळ वाटीत घेऊन मी शिवेवरच्या देवीला जाणार. अंगावर हे असंच उठलेलं असलं तरी जाणार. तिला म्हणणार, "बया, माझी सासू तुझ्या नावानं खोटं बोलली असं तिला वाटत होतं. ते खोटं नव्हतं. त्या साली तू आमच्या घरी आलीवतीस, मी बघितलंय तुला. तुझ्या गालांवर वण होते आणि टाचांना भेगा होत्या, आणि तू माझे पाय धूत होतीस. आता माझ्या सासूचा गूळ तिला परत दे."

वाटी तिथं ठेवीन, त्यातलाच खडा उचलून आणीन आणि पुरण त्याच गुळाचं घालीन. मामंजींनी विचारलं तर खरं तेच सांगेन, सगळं, त्यांच्या तोंडावर. आणि उद्या माझ्या अंबूच्या किंवा घरात येणाऱ्या कुठल्या सुनेच्या अंगाला असं उठलं, तर तिला जाळापुढनं मी उठवीन. देवीचं नाव न घेता उठवीन, माझ्या तोंडानं. हा माझा शब्द.

पान वाढलं की या, आत्ती. पोळी गोड झाली का नाही, ते तुम्हीच सांगायचं.

तुमची,
खुंटासारख्या हातांची
शेवंता