चार बोटं लाकूड

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुझं गाव पाम, माझं घर बोईसरला, अंतर ते केवढं! फोन करायचा, नाहीतर तूच सायकलला पिशवी अडकवून दारात हजर. आज लिहायला बसले, कारण रविवारी मी तुझ्याबद्दल खोटं बोलले. तुझी नात शेजारी उभी होती आणि मी धडधडीत खोटं बोलले.

झालं असं की आर्याची शाळेच्या नेमबाजीच्या संघात निवड झाली. हो, नेमबाजीच्या! मी काही केलं नाही. शाळेत कोणीतरी शिबिर घेतलं, ही गेली आणि पहिल्याच दिवशी सरांनी हिचं नाव लिहून घेतलं. आता स्वतःची एअर रायफल हवी म्हणाले. मग मी, नितीन आणि आर्या पालघरला सरांच्या नेमबाजी केंद्रावर गेलो.

सरांनी तीन रायफली टेबलावर मांडल्या. आर्याचा डोळा निळ्या दस्त्यावर. नितीनचं आपलं कोणती कंपनी आणि कुठला देश, हे चाललेलं. आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, “आधी दस्ता कोपरात धरून बघ गं. बोट चापापर्यंत सहज पोचतं का?”

तिने धरला. बोट पोचेना. सर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “ताई, तुम्ही नेमबाजी केलीय का?”

“छे हो, यूट्यूबवर बघितलं,” मी म्हटलं.

नितीन म्हणाला, “ही सगळं तिथंच शिकते.” सगळे हसले. मीही हसले, बाबा. तुझं नाव यूट्यूब कधी झालं रे?

परतताना आर्या मागच्या सीटवर रायफलच्या खोक्याला मिठी मारून बसली होती आणि मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. मला दुकान आठवत होतं. मी तिसरीत होते तेव्हाचं पालघरच्या बाजारातलं ते अंधारं दुकान. तू म्हणालास, “पोरीला छऱ्याची बंदूक दाखवा.” दुकानदार म्हणाला, मुलगा नाही का आणला? आणि तू म्हणालास, “नेम धराला मिशा लागतात काय?”

एकामागून एक चार बंदुका माझ्या खांद्याला लावून बघितल्यास. मला ती चकचकीत पॉलिशवाली हवी होती. मी हट्ट केला, पाय आपटले. तू मला दुकानातल्या आरशापुढे उभं केलंस. “बघ, मान कशी वाकडी झाली तुजी. बंदूक तुज्या अंगाला आली पायजे बाय, तू बंदुकीच्या अंगाला नाय जायाचं.” आणि सगळ्यांत साधी, काळपट होती ती घेतलीस.

ती पण लांबच होती. दोन दिवस तू नुसता ओटीवर बसून तिच्याकडे बघत होतास. तिसऱ्या दिवशी करवत काढलीस आणि दस्ता चार बोटं कापलास. आई केवढी ओरडली! “नवी कोरी बंदूक कापतो? डोकं फिरलंय काय तुजं?” तू कापलेला तुकडा घासलास, खोबरेल चोळलंस, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलास. म्हणालास, “बाय वाढली की परत लावायचा.”

मग वाडीच्या कुंपणावर करवंट्या. रोज शाळेतून आलं की करवंट्या. आणि तुझा वायदा काय होता, आठवतंय? शंभर पाडल्यास की ठासणीची हातात देईन, मग आपण भेकराला जाऊ. डुकरांपासून भात राखायला तुला परवाना होता त्या ठासणीच्या बंदुकीचा. भेकराला नव्हता. भेकर मारणं तेव्हाही गुन्हाच होता, आणि तुला ते माहीत होतं. मी आज ते झाकणार नाही. झाकून झाकून तर इथवर आले.

शंभर व्हायच्या आधीच ते भेकर आलं. पहाटे, वालाच्या शेतात. तू मला बांधाआड बसवलंस, तोंडावर बोट ठेवलंस. धूर, आवाज, आणि ते पडलं. पाय झाडत होतं. मी बांधावर उभी राहून टाळ्या वाजवल्या! “बाबा, आणखी एक मार!” तू वळून माझ्याकडे बघितलंस ते अजून दिसतं मला.

पळसाच्या पानांवर वाटे घातलेस. घरोघरी ते मीच पोचवले, उड्या मारत. तू मात्र जेवला नाहीस. पुढच्या आठवड्यात ठासणीची पोलीस ठाण्यात जमा करून आलास. मी रडून गोंधळ घातला, माझी बंदूक दिलीस म्हणून. तेव्हा एवढंच म्हणालास, “तू टाळ्या वाजवल्यास ना बाय. मी कोनाला काय शिकवतोय, ते मला तवा दिसलं.” त्यानंतर डुकरं आली तरी तू डबेच बडवलेस. छऱ्याची बंदूक तेवढी राहिली, करवंट्यांपुरती.

हे मी नितीनला कधी सांगितलं नाही. लग्नाआधी त्याने विचारलं, तुझे बाबा शिकार करायचे म्हणे? मी म्हटलं, “हो, जुनी माणसं, काय करणार.” जुनी माणसं! टाळ्या कोणी वाजवल्या ते नाही सांगितलं. बंदूक कोणासाठी टाकलीस तेही नाही.

त्याची माणसं साताऱ्याकडची, माळकरी. घरात अंडं शिजत नाही. मी काय काय बदललं ते तुझ्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? ‘हाय’चं ‘आहे’ झालं, ‘नाय’चं ‘नाही’ झालं. आणि एक दिवस सासूबाईंसमोर मी तुला म्हटलं, “बाबा, तुम्ही चहा घेणार ना?” तू मागे वळून बघितलंस, आणखी कोण आलंय म्हणून! जाताना जिन्यात हळूच म्हणालास, “मी पावणा झालो काय गं?” मी हसण्यावारी नेलं. आता इथे तरी तुला ‘तू’ म्हणू दे.

मग आर्याचा सहावा वाढदिवस. सोसायटीतल्या बायका आल्या होत्या, फुगे, केक, सगळं. तू आलास, काखेत चादरीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. मी दारातच ओळखलं. नळी नव्याने तेल लावून चमकत होती आणि दस्ता तसाच, चार बोटं कापलेला. “नातीला आणली. तिच्या मापाचीच हाय.” मी तुझ्या हातातून ती अशी ओढून घेतली, जशी काय तू घाणच आणलीस घरात. न्हाणीघरात नेऊन बादलीमागे उभी केली. तू सतरंजीवर बसलास, केक खाल्लास. कागदी टोपी घातली तुला आर्याने, ती तू निघेपर्यंत काढली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी ती भंगारवाल्याला दिली. माझ्या हाताने दिली. नितीनने सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. उलट संध्याकाळी त्याच विचारत होत्या, “अगं, ती तुझ्या वडिलांची बंदूक कुठाय? पोर नारळाच्या करवंटीवर मारेल की. जिवावर थोडीच मारायचीय!” मी म्हटलं, माळ्यावर ठेवली. म्हणजे ज्यांच्या भीतीने मी हे केलं, त्यांना काही वाटतच नव्हतं. लाज माझी मलाच वाटत होती. तुझी लाज, बाबा. शब्द तोच आहे.

मग सुरू झाले तुझे फोन. “पोर नेम धरते काय?” काय सांगू? म्हटलं, “धरते ना!” तू एवढा खूश झालास की पुढच्या वेळी मी आकडाच सांगितला. “काल तीन करवंट्या पाडल्या.” मग पाच, मग सात. तू विचारायचास, डावा डोळा मिटते का, श्वास धरते का? मी भाजी ढवळत ढवळत सगळ्याला हो म्हणायचे. तीन वर्षं, बाबा! आर्या तेव्हा टीव्हीसमोर बसलेली असायची.

आणि मग तू शेवटचा आलास तो दिवस. वाल आणलेस, पपई आणलीस, आणि पिशवीच्या तळातून ते फडकं काढलंस. तोच तुकडा! एवढी वर्षं फळीवर ठेवला होतास? दोन नवे स्क्रूसुद्धा कागदात बांधून आणले होतेस, भोकं पाडून ठेवली होतीस. “नऊ पुरी झाली ना पोरीला? हात लांब झाले असतील. आता हा लावून घे.”

मी म्हटलं, “नितीन आला की लावते.”

तू म्हणालास, “घाई नाय. बंदूक सापडंल तवा लाव.”

सापडेल तेव्हा! म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून? करवंट्यांचे आकडे ऐकताना पण माहीत होतं? मग बोलला का नाहीस रे? एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस. आईसारखं डोकं फिरलंय काय म्हणायचं होतंस. तू चहा प्यायलास, बशी धुऊन ठेवलीस आणि निघालास. चार महिन्यांत गेलासच. सगळे म्हणाले, बाप गेला म्हणून पोर किती रडते बघा. मी कशाला रडत होते ते माझं मला ठाऊक.

मी त्या भंगारवाल्याला नंतर शोधलं. तारापूरच्या रस्त्यावरची सगळी गोदामं पालथी घातली. एका पोऱ्याने विचारलं, “कितना पुराना माल है, दीदी?” काय सांगणार? ती कधीच वितळून गेली असेल. माझ्याकडे उरलंय ते चार बोटं लाकूड आणि दोन स्क्रू.

रविवारी शेवटी तिच्या मापाची रायफल मिळाली. काळीच, साधी. दस्त्याच्या मागे लावायच्या पातळ पट्ट्या असतात, सरांनी त्या काढून माझ्या हातात दिल्या. म्हणाले, “जपून ठेवा ताई, पोरगी वाढेल तशा लावायच्या.” बाबा, मला तिथे उभं राहवेना. त्या पट्ट्या घरी आणून मी तुझ्या तुकड्याशेजारी ठेवल्यात, एकाच डब्यात.

आता माझा शब्द. आर्याला मी सगळं सांगणार आहे. भेकर, टाळ्या, ठासणीची का जमा केलीस, भंगारवाला, फोनवरचे आकडे, सगळं. ती माझ्यावर चिडेल, माझ्या आबांना असं केलंस म्हणून बोलणंही टाकेल. टाकू दे. येत्या रविवारी सरांना पण सांगणार आहे, त्यांनी विचारलं नाही तरी. माझ्या बापाने शिकवलं मला. पामचा माझा बाप, त्याला मी ‘तू’ म्हणायचे.

आणि फोनवर सांगितलं असतं ते इथे सांगते. काल आर्याने वीस गोळ्या मारल्या. तेरा पार बाहेर गेल्या, कुठे गेल्या ते देवाला माहीत. सहा कडेला लागल्या. एक मधोमध. डावा डोळा ती मिटत नाही, सर नको म्हणतात. हा आकडा खरा आहे, बाबा.

तुझी,
बाय