पाळण्यातला मामा

आई,

अल मजाजच्या फ्लॅटमधलं तुझं स्वयंपाकघर एवढंसं होतं की फ्रीज उघडला की ओट्यापाशी उभं राहता यायचं नाही. तिथे पोळ्या लाटता लाटता तू पाळणे रचायचीस. शारजात कुणा मराठी घरी बारसं ठरलं की फोन यायचा. बाळाचं नाव काय, मामा कोण, आत्या कोण, सगळं तू विचारून घ्यायचीस आणि तवा उतरेपर्यंत कडवी तयार. मग बाबा हॉलमधून ओरडायचे, "यल्ला, सांग पटापट." ते लिहून घ्यायचे आणि बारशाला माइक धरून स्वतःचे म्हणून गायचे. गायचे मात्र छान.

नववीत असताना एका बारशाला मी सगळ्यांदेखत म्हणाले, "हा पाळणा आईने केलाय." बाबा हसले. "हिला एक मुलगा करता आला नाही, पाळणा काय करणार?" लोकही हसले. तू उठलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. "खोटं बोलते कार्टी." घरी आल्यावर बाबांना गरम दूध नेऊन दिलंस. थप्पड मी विसरलेही असते, ते दूध विसरता येत नाही.

तू गेल्यावर बाबांना नवा पाळणा सुचेना. दुःखाने, असं लोक म्हणायचे. मग माझी लेक झाली. बारशाला मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, पाळणा तुम्हीच म्हणा." त्यांनी तुझा एक जुना पाळणा काढला, त्यात माझ्या लेकीचं नाव घातलं आणि सुरू केलं. दोन कडवी झाली. तिसऱ्यात मामा सोन्याचे वाळे घेऊन आला. झोका देणाऱ्या बायकांचे हात थांबले. मला भाऊ नाही हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक. त्यावरून तुला टोमणे त्यांनीच मारले होते. एक मावशी म्हणाली, "अहो, हा मामा कुठून आणलात?" बाबा माझ्याकडे बघतायत. बघतच राहिलेत.

मला ओळ येत होती. माझं लग्न ठरलं तेव्हा कणीक मळताना तू गुणगुणली होतीस, 'मामा नाही बाळाला, आजीच होईल मामा', आणि मी दारात दिसताच गप्प झाली होतीस. ती ओळ मी दिली नाही. बाबा माइक ठेवून खाली बसले. पुढे त्यांना कुणी गायला बोलावलं नाही, आणि मला फार बरं वाटलं. तू असतीस तर पुन्हा मलाच मारून त्यांना ओळ पुरवली असतीस.

लेक शाळेत जायला लागल्यावर तिला फॅमिली ट्री काढायचा होता. तिने विचारलं, "मम्मा, वॉट डिड आजी डू?"

मी म्हटलं, "काही नाही गं. घरीच असायची."