पाच विहिरींचा एकच चुरा

प्रिय धाकट्या,

आई बरी आहे, गुडघा सोडला तर. तू पाठवलेली शाल ती अंगावरून काढत नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुझं कौतुक ऐकवून माझे कान किटवते. मी मात्र हल्ली तुझा विषय निघाला की चहा ठेवायला उठते.

मंगळवारी तुझी पाचवी नमुन्याची पिशवी आली. गॅसच्या विहिरी खोदताना निघणारा तेलकट चुरा फेकण्याऐवजी भट्टीत तापवायचा, तेल उडवायचं, दळायचा आणि सिमेंटमध्ये मिसळून पाइपाभोवती परत विहिरीतच भरायचा, ही योजना साहेबांपुढे मांडली मीच. भट्टीवर तुझी नेमणूक झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. इथे प्रयोगशाळेत मी तुझ्या चुऱ्याचे ठोकळे पाडते, यंत्रात दाबून बघते आणि ठोकळा टिकला की सही करते. तुझे ठोकळे एकदाही दगा देत नाहीत, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अरे, पाच विहिरी, पाच ठिकाणं, आणि भिंगाखाली पाचही पिशव्यांत शिंपल्यांची तीच बारीक कच? पहिल्या विहिरीत चुनखडी होती, तिथे ती शोभते. पाचवीच्या नोंदीत तर चुनखडीचा मागमूस नाही. पहिल्याच वेळी चांगला भाजलेला चुरा गोणीभर बाजूला ठेवलास ना, आणि दर वेळी त्यातलाच काढून पाठवतोस? जेवायला बसताना आई दोन्ही हात दाखव म्हणायची, तेव्हा तू धुतलेला उजवा हात दाखवून एक गिरकी घ्यायचास आणि पुन्हा उजवाच पुढे करायचास. आई फसायची. मला दिसायचं, पण मी चहाडी केली नाही.

फोनवर विचारलं तर म्हणालास, भट्टी झकास चालते. परवा तुमचा ट्रकवाला मात्र सहज बोलून गेला, भट्टी दोन महिने थंडच आहे. मग खाली काय भरलंत रे? तेलकट चुऱ्याचं सिमेंट खडकाला धरत नाही, फट राहते आणि गॅस त्या फटीतून वर चढतो. शेवटी भरलेल्या विहिरीपासून चाळीस पावलांवर तुमच्या झोपायच्या खोल्या आहेत. मला भीती वाटते, आणि तुझा रागही येतो.

आज मी साहेबांना सगळं सांगितलं. तिसऱ्या पिशवीपासून मला संशय होता आणि तुझ्यासाठी मी सह्या करत राहिले, हेही सांगितलं. उद्या सकाळी तपासणीची माणसं निघतील. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. तुझी आणि माझी, दोघांचीही नोकरी बहुतेक जाईल. तुला आधी कळवायला हवं होतं, मान्य. पण फोन केला असता तर तू मला हसवलं असतंस, आणि मी पाचव्या कागदावरही सही केली असती.

तुझीच,
ताई