ओसावर मी एकटीच

टॅमसिन,

मी माउंट ओसावर जातेय. लापशी पातेल्यात आहे. तुझा गुडघा सुजलाय म्हणून उठवलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. तू सोबत असतीस, तर प्रत्येक कड्यापाशी "इथे बाबांनी माझा हात धरला होता गं!" हेच ऐकावं लागलं असतं. ते तुला वर घेऊन गेले, तेव्हा मी पायथ्याच्या याच लाकडी हटमध्ये आईपाशी रडत बसले होते. बाबा जाऊन वर्ष झालं, तरी मला तुझा हेवा वाटायचा थांबत नाही. तीनपर्यंत आले नाही तर रेंजरला सांग. ढग उतरले तर मी खिंडीतूनच परत फिरेन. तेवढं बाबांनी मलाही शिकवलंय.

ब्रॉनी