गाडीतळावरची जागा

यवतमाळ,
बुधवार, ६ नोव्हेंबर १९६३

प्रिय घनश्याम,

परवा सोमवारी, ४ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दारव्ह्याच्या जिनिंग फॅक्टरीतल्या तुझ्या कचेरीत तू एका माणसाला ओरडून खुर्चीतून उठवलंस. वेळेबद्दल वाद घालू नकोस. तुझ्या टेबलामागचं घड्याळ त्याने स्वतः वाचलं होतं, आणि घड्याळ वाचायला त्याला मी शिकवलं आहे. त्याचं नाव लालसिंग. गाडीतळावर कापसाच्या बैलगाड्या रांगेने लावून घ्यायला माणूस पाहिजे, अशी पाटी तू फाटकावर लावली होतीस, त्या जागेसाठी तो आला होता. नाव तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते आहे.

एकेचाळीस वर्षांनी हिचं पत्र आलं आणि पहिल्याच ओळीत भांडण, असं तू म्हणशील. म्हण. मी दोन वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ आणि तीन भाषणं मिळाली, आणि तिन्ही भाषणांत मी शिस्तप्रिय होते. घरी बसून शिस्त लावणार कोणाला? भिंतींना? महिनाभरात मी इतकी चिडचिडी झाले की दूधवाला माप दारातच ठेवून पळायला लागला. शेवटी इथल्या तुरुंगाच्या अधीक्षकांना जाऊन भेटले. ज्यांची सुटका तीन महिन्यांवर आली आहे त्यांना बाहेर काम मागायचं कसं ते शिकवते, म्हटलं. त्यांना वाटलं म्हातारी भजनं शिकवायला आली आहे. तसं नाही हे कळल्यावर त्यांनी मंगळवार आणि शुक्रवार दिले, एक खोली दिली, आणि बऱ्याच विनवण्यांनंतर कचेरीतली एक खुर्ची दिली.

त्या एका खुर्चीने माझे पहिले पंधरा दिवस खाल्ले. तुरुंगाची एक रीत आहे, ती तुला माहीत असायचं कारण नाही. साहेब आला की कैद्याने उकिडवं बसायचं, हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर, आणि विचारलं की नाव नाही, नंबर सांगायचा. चार वर्षं रोज हे केल्यावर माणसाचे पाय मालकाचं ऐकेनासे होतात. मी पहिल्या दिवशी जरा मोठ्याने "पुढे ये" म्हटलं, तर आठच्या आठ जण धपकन खाली बसले. लालसिंग तर खुर्चीच्या शेजारी, तिच्या पायाला टेकून बसला. वर बस म्हटलं, तर म्हणाला, "बाई, वर बसलो की पाय कुठी ठेवाचे तेच समजत नाही."

हळूहळू समजलं. आमच्या आठ जणांत उकंडा नावाचा एक गडी होता, सरावासाठी तो मालक व्हायचा. डोक्याला पंचा गुंडाळायचा, पोट पुढे काढायचा आणि विचारायचा, "काय रे, जेलात काहून गेलता?" उत्तर मी तीन वाक्यांत बसवून दिलं होतं: बाजारात बैलावरून भांडण झालं, मी रागात एकाच्या डोक्यात काठी घातली. चूक माझी होती. शिक्षा पुरी भोगली. इथे थांबायचं, एक शब्द जास्त नाही, आणि नजर समोरच्याच्या डोळ्यांत ठेवायची. उकंडा काही असा सोडत नसे. "आन उद्या माह्या डोक्यात घातली त मंग?" लालसिंगने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "तुमी बैल विकू नका, साहेब." पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा हसला. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस बाहेर टिकेल. बैलांचं तर त्याला शिकवायलाच नको. त्याच्या आजा-पणजांचे तांडे बैलांवर माल लादून मुलखभर हिंडलेले. बैल बुजण्याआधी त्याला कळतं.

आता तो सुटल्यानंतरचं, सोमवारचं ऐक. काल तो माझ्याकडे आला होता, त्याच्याच तोंडून ऐकलं ते लिहिते. दारात उभं राहून त्याने नमस्कार केला. तू कागदांत होतास. "बसू का, साहेब?" असं त्याने विचारलं, मी शिकवलं होतं तसं. तू मान न उचलता हलवलीस. समोर रिकामी खुर्ची होती, तो बसला. मग तू वर पाहिलंस. "ऊठ रे! तुह्या बापाची खुर्ची हाय काय?"

तो उठून उभा राहिला नाही, घनश्याम. तुझा आवाज चढल्याबरोबर तो जमिनीवर उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली, आणि म्हणाला, "दोनशे एकोणीस, हाजीर." तुझे दोन कारकून हसले. जेलातला गडी आहे हे तुला तेव्हा कळलं, आणि तू त्याला हाकलून दिलंस. ती तीन वाक्यं त्याच्या तोंडातच राहिली. काल मला म्हणाला, "बाई, मी बसलो नाही. पायच बसले."

हे लिहिताना मी दोनदा उठून अंगणात चकरा मारून आले. सगळा राग तुझ्यावर काढता आला असता तर बरं झालं असतं. पण दारव्ह्याच्या कचेरीत गाडीवाले, हमाल उंबऱ्याशी खाली बसतात, हे मला माहीत नव्हतं का? माझे वडील तिथल्याच स्टेशनवर मालबाबू होते. तुझ्या वडिलांच्या गाड्या मालधक्क्यावर लागायच्या तेव्हा मी तिथेच खेळत असे, आणि गाडीवर तूही असायचास. पण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला जे शिकवलं, तेच सगळ्या जगाचं वळण, असं मी आजवर धरून चालले. पाठ ताठ, नजर समोर, प्रश्नाला पुरं उत्तर. मला त्याने काय मिळालं ते तू पाहिलं आहेस. तुमच्या घरी मला दाखवायला आणलं, तुझ्या वडिलांनी चार प्रश्न विचारले, मी चारही उत्तरं त्यांच्याकडे बघून दिली आणि वर तुला विचारलं की तुम्ही काय वाचता. मैनाबाई, तुझी आत्या, म्हणाली, "पोरगी पाहाले बसलो का परीक्षा द्याले?" तू आपल्या बुटांकडे बघत होतास. मालधक्क्यावर तास-तास बडबडणारा तू, त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीस. मला त्याचं आता काही नाही. मास्तरीण झाले, छत्तीस वर्षं नोकरी केली, चांगली केली. एवढंच की सोमवारी तरी तू मान वर करून बघायला हवं होतंस.

लालसिंगचं मात्र अजून सगळं व्हायचं आहे. त्याची बायको जमनी चार वर्षं फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, बापाच्या घरी आहे. बाप उत्तमसिंग हेकट आहे, पण खोटा नाही. त्याने निरोप पाठवला आहे: येत्या रविवारी तांड्यावर चार माणसं बसतील, हाताला काम असेल तर ये आणि तिला घेऊन जा, नसेल तर येऊ नको, आम्ही तिचं दुसरीकडे बघू. जमनीला कोणी विचारलेलं नाही. लालसिंगला विचारलं तर म्हणतो, आता जाऊन काय करू.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण ते वर कुठेच लिहायला धजले नाही. दारव्ह्याला निघण्याआधी लालसिंगने माझ्याकडे चिठ्ठी मागितली होती. "बाई, तुमच्या वळखीचा साहेब हाय म्हणता, त दोन ओळी लिहून द्या ना." मी त्याला मोठ्या रुबाबात सांगितलं की माणसाने काम स्वतःच्या तोंडाने मिळवावं. त्याला ते पटलं. ते खोटं होतं. कागदावर तुझं नाव लिहायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच त्याचं खरं कारण. माझ्या दोन ओळी त्याच्या हातात असत्या, तर तू मान वर केली असतीस. माझ्या हट्टापायी एका माणसाचं घर मोडायला आलं आहे. म्हणून हीच ती चिठ्ठी समज, उशिरा आलेली. हा माणूस बैलांचा जाणता आहे, खरं बोलतो, आणि त्याच्यासाठी मी जामीन आहे. त्याला पुन्हा बोलाव. तू सांगशील तिथे तो बसेल, खाली सांगितलंस तर खाली. कचेरीत मालक दाखवेल तिथे बसायचं, हे काल मी त्याला शिकवलं. ते शिकवताना माझी जीभ किती जड झाली ते तुला कळायला नको. फक्त त्याच्यावर ओरडू नकोस. आणि उत्तर मला नाही, लालसिंगच्या नावे लिही, शाईने, खाली सही करून, की गाडीतळावरची जागा त्याला दिली आहे किंवा नाही. एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलंस तरी चालेल. शनिवारी, ९ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या घरी पोचलं पाहिजे. लालसिंग चारपासून ओसरीवर बसलेला असेल.

पत्राच्या रिवाजापुरतीच का होईना, पण तुझीच,
कोकिळा