स्पिनची लय लांबली

८ फेब्रु., बीड
शेवटी फ्लास्क फ्रीजमध्ये ठेवला. त्यात व्हॅनेडियम धातूचे रेणू, एकेक रेणू म्हणजे एक चुंबक. त्याच्या स्पिनची, म्हणजे आतल्या गिरकीची, लय भोवतीचे हायड्रोजन मोडतात, म्हणून त्यांच्या जागी जड हायड्रोजन बसवलाय. त्याची होती ती बाटली संपली. आता हळूहळू, एका चालीनं गार व्हायला हवं, तरच स्फटिक येतील. हैदराबादच्या मॅडम, माझ्या गाईड, म्हणाल्या होत्या, "इकडे येऊन बनव." मीच हट्ट केला. आमच्या कॉलेजातच बनवणार.

९ फेब्रु.
सकाळपासून लाईट नाही. जनरेटर बंद. आबा, माझे वडील, मेंढ्यांचं औषध न्यायला गावाहून, पालीहून आलते, लॅबमध्ये डोकावले.
"रडायला कावून लागलीस गं?"
सांगितलं. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली. "गार हाय ते गारच ठेवायचं न्हाई का? मंग गुंडाळ की."
बर्फाचा डबा, त्यात फ्लास्क, वरून घोंगडी. चारला लाईट आली. पारा जेमतेम हललेला. आबा तोवर स्टुलावर बसून. चहासुद्धा नाही घेतला.

१५ फेब्रु.
आले! हिरव्या सुया, लखलखीत. एकटीच हसत बसले. मग शिपाईकाकांना बोलावून दाखवल्या. उद्या हैदराबादला पाठवायच्या, मोजायला.

३ मार्च
मॅडमचा फोन. "सुरेखा, तीनदा मोजलं. आधीच्या नमुन्यापेक्षा लय खूपच जास्त टिकतेय. कुठं बनवलंस म्हणालीस?"
"बीडला." मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मान वर केली.

४ मार्च, पाली
धरणाच्या कडेला मेंढ्या चरत होत्या. आबांना सांगितलं.
"किती येळ टिकलं?"
"पापणी लवायच्या लई आधी संपतं, आबा."
"मंग एवढी खुशी कावून?"
"आधी त्याच्याहून लवकर संपायचं."
त्यांनी एक चुकार मेंढी वळवली. मग, "तुज्याआधी कुणाला जमलं न्हवतं?"
"या रेणूत नाही."
काठी टेकून उभे राहिले, पलीकडच्या गड्याला हाक मारली. "आमच्या सुरीनं चुंबकाला दम धरायला लावलाय!" चूक आहे. दुरुस्त केलं नाही.

२० मार्च, बीड
मॅडमचं म्हणणं, दुसऱ्यांदा जमल्याशिवाय पेपर लिहायचा नाही. बरोबरच आहे. जड हायड्रोजन त्यांनीच पाठवला. नवा फ्लास्क ठेवून आज आठवा दिवस. मागच्या खेपेला सातव्या दिवशी सुया आलत्या. या खेपेला लाईट एकदाही गेली नाही, तरी द्रावण अजून नितळ, एक सुई नाही. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा दार उघडायचं नाही, थंडावा जातो. वर्गावर जायचंय, पोरं वाट बघतायत.